बनामावशीची हिवाळ्यातली गाडी

आमच्या बनामावशीला ओळखणारी माणसं तिच्याबद्दल दोनच गोष्टी सांगतात. एक म्हणजे तिला दमा होता, आणि दुसरी म्हणजे तिच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. दोन्ही खऱ्या आहेत. फक्त लोक त्या वेगवेगळ्या सांगतात, ते मला पटत नाही. दम्याचंही तिच्यापुढे फारसं चाललं नाही. ते कसं, तेच सांगायला बसले आहे.

मावशी काही माझी सख्खी नव्हे. वेल्ह्यापासून जरा आत, तोरण्याच्या पायथ्याला आमची वाडी. तिथं आमच्या भिंतीला लागून तिचं घर. तिचा नवरा गेनबा रेणुसे, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. दोन मुली लग्न होऊन सासरी गेलेल्या. घरात ही दोघं, एक बैलजोडी आणि बुक्क्या नावाचं काळंकुट्ट कुत्रं.

तात्यांना ऐकू कमी यायचं. तरुणपणी ते धरणाच्या कामावर सुरुंग उडवायला होते. डावा कान तिथंच गेला, उजव्यात थोडंफार उरलं. पण आपण बहिरे आहोत हे तात्यांना कधी मान्य नव्हतं. त्यांच्या मते जग फार हळू बोलायचं.

भात झोडून झालं, दरीतून धुकं वर यायला लागलं, की मावशीची छाती वाजायला लागायची. रात्री दम्याचा झटका आला की तिला उठता यायचं नाही आणि हाकही मारता यायची नाही. कुणीतरी तिला धरून बसवायचं, पाठीला कोमट तेल चोळायचं, अडुळशाचा काढा पाजायचा. हे सगळं तात्या करायचे, आणि अगदी मनापासून करायचे. ते पडवीत बैलांजवळ निजायचे, मावशी आत. सकाळी पारावर बसून सांगायचे, "म्या रातभर डोळाच मिटत न्हाई. तिच्या छातीत जरा खुट्ट झालं की म्या उभा!"

खरी गोष्ट अशी होती की तात्या घोरत असायचे. मावशीची छाती वाजली की बुक्क्या तिच्या उशापासून उठायचा, पडवीत जायचा, तात्यांचं धोतर दातात धरून एक हिसडा द्यायचा आणि पळत परत मावशीजवळ जाऊन बसायचा. तात्या दचकून उठायचे, आत यायचे, आणि वर कुत्र्यालाच दटावायचे, "बघावं तवा हे हितंच! हो बाजूला!" आळीतल्या सगळ्या बायकांना हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या तात्यांना. आईनं मावशीला एकदा विचारलं होतं, की सांगून का टाकत नाहीस. मावशी म्हणाली, "सांगून काय मिळायचं? मानूस मनात खचंल. चाललंय ते चालू दे."

कोयनेच्या भूकंपाचा मोठा धक्का बसला त्या हिवाळ्यात मावशी मरणाच्या दारात जाऊन आली. भोरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि तोंडावर सांगितलं, "पुढचा हिवाळा या धुक्यात काढायचा नाही. कोरड्या मुलखात जा, होळीपर्यंत तिकडेच राहा, आणि चुलीच्या धुरापासून लांब. इथं राहिलात तर मी काही भरवसा देत नाही."

कोरड्या मुलखात मावशीचं एकच माणूस होतं, तिची धाकटी बहीण फुलाबाई. ती खाली दक्षिणेला, माणदेशात म्हसवडजवळ दिलेली. तिच्या शेतात ज्वारीच्या राखणीला माणूस हवंच होतं. तात्या म्हणाले, एसटीनं जाऊ. मावशी म्हणाली, बुक्क्यासकट जाऊ. आता एसटीत कोंबडी बसते, बोचक्यातलं मांजरही खपून जातं, पण एवढं थोराड कुत्रं कोण चढू देणार? कंडक्टरनं ते पायरीवरूनच उतरवलं, आणि त्याच्या मागोमाग मावशीही उतरली.

"अगं, कुत्रं ऱ्हाईल की शेजारी," तात्या म्हणाले. "एका कुत्र्यापायी जीव घालवतीस का?"

"बुक्क्या येनार नसंल तर म्याबी येत न्हाई."

"का पन? कारन तर सांग!"

"कारन न्हाई. मला पायजे."

आळीतल्या बाप्यांनी तात्यांची कीव केली. बाईमाणसाचा हट्ट, दुसरं काय, असं म्हणून पारावर मान हलवून झाली. मला अजून त्या मान हलवण्याचा राग येतो. या बाईनं नवऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून वेडेपणाचा शिक्का आपल्या कपाळावर मारून घेतला होता, आणि ही मंडळी तिला शहाणपण शिकवत होती.

मग मावशीनं तोड काढली ती बैलगाडीची. मार्गशीर्ष लागायच्या आत तिनं गाडीचं घर करून टाकलं. वर कळकाच्या कामट्या वाकवून त्यावर चटईसारखा तट्ट्या बांधला, तट्ट्यावर घोंगडी. आत भाताच्या पेंढ्याची गुडघाभर गादी. चुलीचा धूर नको म्हणून रॉकेलचा स्टो, तो एका खोक्यात घट्ट बसवलेला. तेलाची बाटली आणि वाळवलेला अडुळसा उशाला, हाताला लागेल असा. गाडीच्या मागं कडब्याच्या पेंढ्या, खाली पाण्याची घागर. आणि दोन टोपल्या भाकरी. एवढ्या भाकरी बघून आई म्हणाली, "बने, वऱ्हाड घेऊन निघालीस का काय?"

त्या भाकरी माणसांसाठी नव्हत्या. आपल्याकडं प्रत्येक गावची कुत्री आपापली शीव राखतात. परकं कुत्रं शिवेत आलं की सगळी मिळून त्याला फाडायला धावतात, आणि ओढ्याच्या पलीकडं घालवल्याशिवाय गप्प बसत नाहीत. इथून म्हसवडपर्यंत किती शिवा लागणार! म्हणून मावशीनं ठरवलं होतं, की गाव आलं की बुक्क्याला गाडीत पोटाशी धरायचं आणि शिवेवर त्या गावच्या कुत्र्यांना भाकरीचे तुकडे टाकायचे. ती त्याला टोलनाका म्हणायची.

निघाली त्या दिवशी सगळी आळी शिवेपर्यंत पोचवायला गेली. मावशी तट्ट्याखाली पेंढ्यावर बसलेली, मांडीवर बुक्क्याचं डोकं, आणि तात्या पुढं बैलांवर ओरडत. तात्यांचं तोंड उतरलेलं होतं. गाडीवानाचं कुत्रं कसं असतं, तर आखाला बांधलेलं, दोन चाकांच्या मध्ये सावलीतून चालणारं. सगळ्या मुलखात तीच रीत. आणि यांचं कुत्रं अंथरुणात लोळत चाललेलं! त्यातून तात्यांना वाटायचं, कुत्र्याच्या केसांनीच तिच्या छातीला त्रास होतो. तेही अगदीच खोटं असेल असं नाही. ते काळजीपोटीच बोलायचे, पण फार बोलायचे.

पहिला मुक्काम नसरापुराजवळ झाला. तिथवर मावशीचा टोलनाका बरोबर चालला. रात्री बुक्क्यानं एकदा धोतर ओढलं, तात्या गाडीखालून उठून वर आले, काढा झाला, आणि सकाळी "बघ, म्या कसा जागा हुतो!" हेही झालं.

दुसऱ्या दिवशी गाडी पुणं-बंगळूर रस्त्याला लागली. मावशीची सकाळ वाईट गेली होती. काढा घेतल्यावर तिला गुंगी आली. कापूरहोळला तात्यांनी गाडीच्या आखाला वंगण घालून घेतलं. तिथल्या गॅरेजवाल्यांनी आत डोकावून बघितलं आणि ते हसले. "मामा, कुत्रं गादीवर आन् तुमी जुवाजवळ!" तात्यांना तेवढं बरोबर ऐकू आलं. नाकाला मिरच्या झोंबल्या. मावशीचा डोळा लागलेला बघून त्यांनी बुक्क्याला अलगद खाली घेतलं आणि चारचौघांच्या गाडीला असतं तसं आखाला बांधून टाकलं. तिलाही मोकळी हवा मिळेल, असं मनाला समजावलं आणि गाडी हाकली.

पुढं दोन-तीन गावं गेली. कुठल्या तरी एका शिवेवर त्या गावची कुत्री गाडीखाली घुसली. गाडीखाली केवढी रणधुमाळी झाली असेल, तुम्हीच विचार करा. बैल बुजले, गाडी रस्त्यावर आडवी वळली. गुंगीतल्या मावशीला त्याचाही पत्ता नव्हता. तात्यांना वाटलं, मागून ट्रक आला. त्यांनी बैल सावरले, रस्त्याकडं बघून ट्रकवाल्याला दोन शिव्या दिल्या आणि गाडी पुढं काढली. त्यांच्या स्वतःच्या गाडीखाली त्यांचं कुत्रं फाडलं जात होतं आणि ते त्यांना ऐकू आलं नाही.

नीरा नदीच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेला रतनबाई नावाच्या एका बाईचं चहाचं हॉटेल होतं. त्याच्यासमोरच्या वडाखाली तात्यांनी मुक्कामाला गाडी सोडली. मावशी जागी झाली. तिनं आधी पेंढ्यावर हात फिरवला, मग तट्ट्याबाहेर बघितलं, मग वाकून गाडीखाली बघितलं. आखाला दोरी होती. दोरीच्या टोकाचा फास रिकामा होता आणि त्याला रक्त लागलं होतं.

"बुक्क्या कुठं हाय?"

तात्यांनी दोरी हातात घेतली, फास उलटसुलट करून बघितला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "कवा सुटला? म्या तर... मला कायबी..."

"माघारी चला. आत्ताच्या आत्ता."

"बने, दिवस बुडतोय. बैलं दमल्यात. सकाळच्या पारी जाऊ."

"आत्ता चला म्हनते ना म्या!"

एवढं ओरडल्यावर तिला खोकल्याची उबळ आली. तात्यांनी तिची पाठ चोळली, तिच्या अंगावर घोंगडी सारखी केली आणि म्हणाले, "नको घाबरू. कुत्रं नसलं म्हनून काय झालं? म्या हाय ना. म्या रोज जागतो, आजबी जागंन."

हे मला सांगताना मावशी म्हणाली, "शब्द अगदी जिभेवर आला हुता बघ. तुमी झोपता, म्हनून. पन त्यांच्या तोंडाकडं बघितलं. कुत्रं घालवलं म्हनून आदीच मेल्यागत झालेला मानूस. त्यात ह्ये कसं सांगू?" तिनं सांगितलं नाही. काढा करून उशाला ठेवला, उशीला टेकून बसली आणि आजची रात्र आपली आपण काढायची, असं ठरवून डोळे उघडे ठेवले. तात्या गाडीखाली घोंगडीवर बसले.

उजाडलं तेव्हा तात्यांना जाग आली. त्यांनी वर बघितलं तर गाडी रिकामी. मावशी हॉटेलच्या ओट्यावर, भिंतीला टेकून बसलेली. ओठ काळेनिळे, डोळे खोल गेलेले, अंगावर कुणाची तरी परकी वाकळ. रतनबाई तिच्या पाठीवर हात फिरवत होती. तात्यांना बघताच ती बाई कमरेला पदर खोचून उभी राहिली, आणि तिचा आवाज ऐकायला उजवा कानसुद्धा लागला नसता.

"अवो पावनं! मढं झालं असतं की तुमच्या बायकूचं! रस्त्यापल्याड मला तिची छाती वाजताना ऐकू आली, म्या आन् माझ्या मालकानं उचलून आनली हितं. आन् तुमी गाडीखाली घोरत पडलेला! दोनदा हाक मारली, पायानं हलवलं, तरी कूस बदललीत!"

"रतनबाई," मावशी कशीबशी म्हणाली, "नगा... बोलू."

तात्या पाया पडायला आल्यासारखे ओट्यापाशी खाली बसले. त्यांनी विचारलं, "मग रोज मला कोन उठवतं?"

मावशीनं मान खाली घातली. रतनबाईला काय ठाऊक असणार? पण तात्यांनी आपल्या धोतराचा काठ हातात घेतला. त्यावर दातांची बारीक भोकं होती, काही जुनी विरलेली, काही नवी. आपलं धोतर कुठं अडकून फाटतं म्हणून ते मावशीला किती वेळा बोलले असतील.

मग उठले. काठी घेतली, उरलेल्या भाकरी धोतराच्या सोग्यात बांधल्या आणि रतनबाईला हात जोडून म्हणाले, "बाई, तिला बघा. म्या कुत्रं घिऊन येतो. त्याच्याबिगर म्होरं पाऊल टाकनार न्हाई."

काल ज्या रस्त्यानं आले, त्याच रस्त्यानं ते चालत माघारी गेले. भेटेल त्याला विचारायचे, कुत्रं दिसलं का, काळं, थोराड? लोक उत्तर द्यायचे ते ऐकू यायचं नाही, म्हणून कान पुढं करून परत विचारायचे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी रस्त्यावरच्या परक्या माणसाला सांगितलं, "जरा मोठ्यानं बोला, मला ऐकू येत न्हाई." शेवटी एका मेंढपाळानं त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, की पुढच्या ओढ्यावरच्या मोरीत एक काळं कुत्रं कालपासून बसलंय. ना इकडची कुत्री त्याला येऊ देतात, ना तिकडची जाऊ देतात.

बुक्क्या तिथंच होता, दोन गावांच्या मधोमध. एक कान फाटून लोंबत होता, मागचा पाय टेकवत नव्हता. घराकडं जायला वाट नव्हती आणि मावशीकडं यायलाही नव्हती. तरी तोंड नीरेच्या दिशेनं, गाडी गेली त्या अंगाला होतं. तात्यांना बघून त्यानं शेपूट हलवली, पण उठवलं नाही. तात्या मोरीत उतरले आणि त्याला खांद्यावर घेतलं, मेंढरू घेतात तसं. मग प्रत्येक शिवेवर तात्यांनी मावशीचा टोलनाका भरला. भाकरीचा तुकडा टाकायचा, काठी उगारायची आणि पुढं जायचं. पोरं मागं लागून हसली, एका ट्रकवाल्यानं गाडी हळू करून काहीतरी टोमणा मारला. तात्यांना ऐकू आलं की नाही कुणास ठाऊक. ते थांबले मात्र नाहीत.

ते परत आले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. मावशीला उन्हानं जरा बरं वाटत होतं. ती ओट्यावरच होती. तात्यांनी बुक्क्याला आधी गाडीत, पेंढ्याच्या गादीवर, मावशीच्या उशाच्या जागी ठेवलं. रतनबाईनं हळद आणून जखमेत भरली. मग तात्या मावशीसमोर येऊन बसले. डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

"बने, म्या झोपतो."

मावशीनं अंगावरची वाकळ बाजूला सारली.

"इतकी वर्सं साऱ्या गावाला सांगत आलो, म्या जागा असतो म्हनून. तुलाबी सांगितलं. खोटं न्हाई गं सांगितलं. मला खरंच तसं वाटायचं. पन म्या झोपतो. तू तिकडं मरत असतीस आन् म्या झोपतो." ते रडायला लागले. मोठ्यानं रडत होते, कारण आपला आवाज केवढा आहे हे त्यांना कळत नव्हतं.

"मला ठावं हाय," मावशी म्हणाली.

"आं?"

"मला ठावं हाय!" तिनं आवाज चढवला आणि तिला धाप लागली. तिनं हात वर करून त्यांना थांबायला सांगितलं. श्वास भरला, पुन्हा बोलली, पुन्हा थांबली. एकेक वाक्य तात्यांच्या कानापर्यंत पोचवायला तिला छातीतला सगळा वारा खर्च करावा लागत होता. तरी तिनं ते पुरं केलं.

"रोज राती... तुमी तांब्यातलं गार पानी... डोळ्यांला लावून बसायचा. झोप येऊ नये म्हनून. म्या आतनं बघायची. कडाक्याच्या थंडीत... रोज. मानसाच्या हातात तेवढंच असतं. म्होरं झोप लागली... तर त्यात तुमचा काय गुन्हा?"

तात्यांना त्यातलं निम्मं ऐकू आलं असेल. ते ओट्यावर चढले, तिच्या अगदी जवळ सरकले आणि आपला उजवा कान तिच्या तोंडाला लावला.

"आता सांग," ते म्हणाले. "हळू सांग. घाई न्हाई."